दोऱ्याने आवळलेला सुरवंट

कीटकांच्या अंगातही संप्रेरके असतात, हे आज महाविद्यालयातला कोणताही मुलगा सांगेल. पण ते प्रथम दाखवून देणाऱ्या स्टेफान कोपेच या पोलिश शास्त्रज्ञाचे नाव आपल्याकडे क्वचितच कानी पडते, याची मला खंत वाटते.

कोपेच यांचा जन्म १८८८ चा. त्यांची हत्यारे साधी. त्यांनी जिप्सी पतंगाच्या सुरवंटाचा मेंदू काढून टाकला. शेवटची कात टाकल्यावर सुमारे दहा दिवसांच्या आत काढला, तर सुरवंट जगे, पण कोषावस्थेत जात नसे. त्यानंतर काढला, तर बिनमेंदूचाच कोष तयार! मग वेळीच शरीराच्या मध्यावर दोरा आवळून पाहिला. पुढचा भाग कोष झाला, मागचा सुरवंटच राहिला. नुसता मज्जातंतूंचा दोर तोडल्याने मात्र काही अडले नाही. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. १९१७ आणि १९२२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मेंदू ग्रंथीसारखा वागतो, हे तेव्हा पचणे कठीणच होते.

मेंदू फक्त हुकूम सोडतो, राबते ती छातीतली ग्रंथी, हे पुढे उलगडले. तिचा कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉल. आपले यकृत ते घरच्या घरी बनवते. कीटकाला ते अन्नातूनच मिळवावे लागते. पानांत तर ते नाममात्र. तिथे असते सिटोस्टेरॉल, त्याच्या शेपटीला दोन कार्बन जास्त. पाने खाणाऱ्या बहुतेक अळ्या ते छाटून कोलेस्टेरॉल करतात. ग्रंथी त्याचे एक्डायसोन बनवते, इतर ऊतींत त्याला आणखी एक ऑक्सिजन जोडला जातो आणि कात सुटू लागते. डॉक्टर आपल्याला ज्याची भीती घालतात, त्याच्यावाचून या जिवाचे बालपण संपत नाही!

यातले फार थोडे कोपेच यांच्या हयातीत कळले. ते वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक होते. ७ मार्च १९४१ रोजी पोलिश भूमिगतांनी इगो सिम या जर्मनांना सामील झालेल्या नटाला ठार केले. त्याच्या सुडासाठी ११ मार्चला पालमिरीच्या जंगलात २१ ओलिसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत कोपेच होते.

१९५४ मध्ये पश्चिम जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषांतून हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम. बुटेनांट १९३६ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते.