पहिली मोजणी आमची, शेवटची कुणाची?

निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच जनमत चाचण्यांचे पीक येते. कोण पुढे, कोण मागे आणि कोण शर्यतीतच नाही, हे उमेदवारी अर्ज भरण्याआधीच ठरवून टाकले जाते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवरही मग तेच आकडे फिरू लागतात. यंत्रमागावर उभा राहणारा कामगार आणि टॉवेलच्या घड्या घालणारी बाई यांना कुणी काही विचारलेले नसते. पण त्यांचे मत काय, हे त्यांनाच ऐकवले जाते. त्यात आंबेडकरी पक्षाचा उमेदवार असला की मते खाणारा असा एकच शेरा मारून त्याचा विषय संपवला जातो.

अशा वेळी आपल्या बांधवांचा धीर सुटतो. मत वाया कशाला घालवायचे, असा विचार घराघरात शिरतो. म्हणूनच आम्हाला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य एका वेगळ्या बाजूने सांगायचे आहे. घटनेचे शिल्पकार, धम्मक्रांतीचे प्रवर्तक बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. पण कुणाचे मत मोजायचे, कुणी मोजायचे आणि शेवटचा शब्द कुणाचा, या तीन प्रश्नांवर हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षे लढला, हे आपण पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्या वेळी अमेरिकेत एक नवा प्रयोग सुरू झालेला होता. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या पुढाऱ्यांनी बंद खोलीत न निवडता त्या त्या राज्यातल्या मतदारांनी आधी निवडावा, अशी ती प्राथमिक निवडणूक होती. १९१२ साली रिपब्लिकन पक्षाच्या अशा बहुतेक प्राथमिक निवडणुका थिओडोर रूझवेल्ट यांनी जिंकल्या. पण पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवारी दिली ती टाफ्ट यांना! मतदारांची पहिली मोजणी एकीकडे आणि पुढाऱ्यांचा शेवटचा निर्णय दुसरीकडे, असा हा प्रकार होता. पुढे वीस वर्षांनी आपल्या समाजाच्या वाट्याला याहून कठोर प्रकार येणार होता.

भारतात परतल्यावर जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. मालमत्ता असणाऱ्यालाच मत, या नियमात अस्पृश्य समाज मतदार यादीतच येत नव्हता. ज्याचे नाव यादीत नाही त्याचे मत कोण विचारणार? हा समाज स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडू शकला पाहिजे, हा मुद्दा त्यांनी तिथे मांडला. १९२० मध्ये मूकनायक निघाले. १९२४ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी येथे त्यांनी परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सभेचे विद्यार्थी वसतिगृह सोलापुरात उघडले. सोलापूरचे आणि बाबासाहेबांचे नाते असे निवडणुकीच्या किती तरी आधीचे आहे.

१९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. गरीब, निरक्षर माणसाला मत कशाला, असे म्हणणारे त्या काळी थोडे नव्हते. पुढे मताधिकारासाठी नेमलेल्या लोथियन समितीवर ते सदस्य होते. तिथे तर वेगळाच खेळ दिसला. मते मोजणे दूरच, काही प्रांतांत अस्पृश्यांची संख्याच कमी दाखवण्याची चढाओढ लागली! आजवर ज्यांची सावली चालत नव्हती ते लोक राजकीय हक्क वाटायची वेळ येताच एकाएकी दिसेनासे झाले. बाबासाहेबांनी त्या आकड्यांवर स्वतंत्र टिपण लिहून आपले म्हणणे नोंदवले. मोजणारा कोण आहे यावर मोजणीचे उत्तर ठरते, हा धडा त्यांनी तेव्हाच घेतला.

ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि सर्वसाधारण मतदारसंघातही मत, असे दुहेरी मत मिळाले. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण मांडले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जागा वाढल्या, प्रांतिक कायदेमंडळांत त्या १४८ झाल्या. पण त्या बदल्यात स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्याच्या जागी आली प्राथमिक निवडणूक.

तिची रीत आजच्या तरुणांनी समजून घ्यावी. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचे. त्यातून पहिल्या चार क्रमांकांचे उमेदवार निवडायचे. मग या चारांतून एकाला सर्व मतदारांनी, म्हणजे बहुसंख्य सवर्ण मतदारांनीही, निवडून द्यायचे. आता यातली मेख पाहा. समाजाने ज्याला भरभरून मते दिली तो पहिला आणि ज्याला नाममात्र मते दिली तो चौथा, दोघेही अंतिम फेरीत सारखेच उभे! अमेरिकेच्या प्राथमिक निवडणुकीत हरलेला उमेदवार पक्षाच्या उमेदवारीला मुकतो. आपल्याकडे समाजाने नाकारलेला चौथ्या क्रमांकाचा माणूसही सवर्णांच्या मतांवर समाजाचा प्रतिनिधी होऊ शकत होता. शिवाय चार किंवा त्याहून कमी उमेदवार असले तर प्राथमिक निवडणूक घेण्याचीही गरज नव्हती. समाजाचे मत विचारायचे, पण ते बंधनकारक मानायचे नाही, अशी ती व्यवस्था होती.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत जनमत चाचणीची मोठी परीक्षा झाली. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांतल्या २० लाखांहून अधिक परत आल्या आणि लँडन निवडून येणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. चूक कुठे झाली? साप्ताहिकाने पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीने पिचलेल्या गरिबांकडे ना टेलिफोन होता ना मोटार. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फार थोड्या, पण समाजाच्या सर्व थरांतल्या लोकांना विचारले आणि त्यांचा अंदाज बरोबर आला. किती लोकांना विचारले यापेक्षा कुणाला विचारले, हे महत्त्वाचे ठरले.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले. काँग्रेसची लाट, हाती पैसा नाही, मोठी वर्तमानपत्रे विरोधात. तरी त्यांतले बहुतेक निवडून आले. मुंबईत खुद्द बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते. बाबासाहेबांनी त्यांचा पराभव केला. सोलापूर जिल्ह्यातून पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे निवडून आले.

बाबासाहेब विजयाच्या मिरवणुकीत रमले नाहीत. त्यांनी निकालाचे आकडे घेऊन बसून हिशेब मांडला. देशातल्या १५१ राखीव जागांपैकी काँग्रेसला ७८ मिळाल्या होत्या. या ७८ मधल्या किती जागा अस्पृश्यांच्या मतांवर मिळाल्या आणि किती सवर्णांच्या मतांवर, हा प्रश्न त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधीजींविषयीच्या ग्रंथात आकड्यांनिशी उलगडला. आज ज्याला निवडणूक विश्लेषण म्हणतात ते काम हा माणूस संगणक नसताना, मंत्रिपदाचा भार सांभाळत करत होता.

१९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. १९४५-४६ च्या निवडणुकीत पुणे कराराची रीत पुन्हा वापरली गेली. जिथे प्राथमिक निवडणूक झाली तिथे मुंबई इलाख्यात आणि मध्य प्रांतात फेडरेशनला काँग्रेसपेक्षा कितीतरी अधिक मते पडली. समाजाचा कौल स्वच्छ होता. पण अंतिम मतदानात चित्र उलटले. साऱ्या देशात फेडरेशनच्या पदरात अवघ्या दोन जागा आल्या. एक बंगालमध्ये, एक मध्य प्रांत-वऱ्हाडात. मुंबई इलाख्यात एकही नाही!

बाबासाहेबांनी प्राथमिक निवडणुकीचे हे आकडे १९४६ साली कॅबिनेट मिशनपुढे आणि ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांच्यापुढे ठेवले. अस्पृश्यांचे खरे मत जाणायचे तर पहिली मोजणी पाहा, अशी त्यांची मागणी होती. विरोधकांचे म्हणणे असे की प्राथमिक निवडणूक फार थोड्या जागांवर झाली, तिच्यावरून साऱ्या देशाचा कौल ठरत नाही. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. पण जिथे समाजाला विचारलेच गेले नाही तिथला कौल काँग्रेसच्या खात्यावर मांडणे हे कोणत्या न्यायात बसते? इंग्रज सरकारने अंतिम निकालच प्रमाण मानला. जुलै १९४६ मध्ये पुण्यात फेडरेशनच्या सत्याग्रहींनी पुणे कराराविरुद्ध तुरुंगवास पत्करला तो याच अन्यायापोटी.

मुंबईतून दार बंद झाले तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून दिले. फाळणीने ती जागा गेल्यावर १९४७ मध्ये ते मुंबईतून निवडले गेले. संविधानाच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. मालमत्ता नको, शिक्षणाची अट नको. १९१९ ला यादीबाहेर असलेला माणूस यादीत आला. पुढच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते.

त्या निवडणुकीत, जानेवारी १९५२ मध्ये, उत्तर मुंबईतून खुद्द बाबासाहेब पराभूत झाले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली, बाबासाहेबांना १,२३,५७६. सुमारे साडेचौदा हजारांचा फरक! द्विसदस्य मतदारसंघात मोठ्या संख्येने मते बाद झाली, त्याविरुद्ध त्यांनी दाद मागितली, पण ती फेटाळली गेली. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही ते हरले.

पण त्याच १९५२ मध्ये सोलापूरने काय केले? सोलापूर द्विसदस्य लोकसभा मतदारसंघातून फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. दुसरी जागा शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांनी जिंकली. साऱ्या देशात फेडरेशनचे दोनच खासदार झाले, करीमनगरचे एक आणि सोलापूरचे दुसरे. गिरणी कामगारांच्या या शहराने काँग्रेसच्या ऐन बहरात हा कौल दिला. राजभोज पुढे काँग्रेसमध्ये गेले, हाही इतिहास आहे. पण ती मते आपल्या लोकांनी दिली होती, ती कुणाच्या पक्षांतराने पुसली जात नाहीत.

१९५५ साली फेडरेशनने कायदेमंडळांतल्या राखीव जागा रद्द करण्याची मागणी केली. समाजाच्या मतावर उभा नसलेला प्रतिनिधी समाजाचा नसतो, हा चाळीस वर्षांचा अनुभव त्या ठरावामागे होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आता आजच्या चाचण्यांकडे या आयुष्याच्या उजेडात पाहू. २००४ साली बहुतेक चाचण्यांनी केंद्रात रालोआचे सरकार परत येणार असे सांगितले, ते गेले. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीत चाचण्या ओबामांना पुढे दाखवत होत्या. जिंकल्या हिलरी क्लिंटन. सगळ्या चाचण्या खोट्या असतात असे आमचे म्हणणे नाही. नीट विचारले तर त्या बरोबरही येतात, हे गॅलपने दाखवले. आमचा प्रश्न बाबासाहेबांचाच आहे: कुणाला विचारले? नीलम नगर, सुनील नगरातल्या यंत्रमाग कामगाराला विचारले का? कुंभारीच्या घरकुलातल्या विडी कामगार बाईला विचारले का? पाळीवर असलेल्या माणसाचा फोन वाजला आणि त्याने उचलला नाही, तर त्याच्या जागी कुणाचे मत धरले?

सोलापूर लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. प्राथमिक निवडणूक आता नाही, चौघांचे पॅनेलही नाही. पण राखीव जागेवर शेवटचा शब्द कुणाचा, हा १९३२ चा प्रश्न अजून तसाच उभा आहे. २०१९ ला प्रकाश आंबेडकर येथून लढले, हरले आणि सुमारे १ लाख ७० हजार मते घेऊन तिसरे आले. त्या मतांना वाया गेलेली म्हणणाऱ्यांनी १९४६ आठवावे. ती मते म्हणजे समाजाची पहिली मोजणी होती.

मग आपण करायचे काय? बाबासाहेबांनी केले तेच. दुसऱ्याच्या आकड्यांवर रुसून बसायचे नाही आणि त्यांना शरणही जायचे नाही. आपला हिशेब आपण मांडायचा. निवडणूक आयोगाच्या नमुना २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली हे छापलेले असते. ते कुणालाही पाहता येते. आपल्या वस्तीचे केंद्र कोणते, तिथे यादीत नावे किती, मत किती जणांनी दिले, किती जणांची पाळी चालू होती म्हणून राहिले, हे शाखेच्या दोन शिकलेल्या तरुणांनी एका रविवारी वहीत उतरवले तर पुढच्या चाचणीपुढे घाबरायचे कारण उरत नाही. एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्यात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते की नाही, हेही त्याच वहीत लिहावे. कायद्याने ती सुट्टी कामगाराचा हक्क आहे.

जयंतीला आपण बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो. या वर्षी त्या हाराबरोबर आपल्या वस्तीची मतदार यादीही प्रतिमेपुढे ठेवावी आणि तिच्यात किती नावे राहून गेली ते मोजावे. जय भीम!