नागपूरच्या वाटेवर

फुटबॉलची मॅच खेळायला नागपूरला निघालं की अमरावतीनंतर तासाभरात गुरुकुंज मोझरी लागते. गाडीत नुसता कल्ला! नागपूरवाल्यांना कसं हरवायचं, हाच विषय. पण ज्या विद्यापीठाच्या पोरांशी आपली चुरस, त्याला २००५ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचं नाव आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं.

३० एप्रिल १९०९ ला यावलीत त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक. शिक्षण जेमतेम, पण गळा गोड. वरखेडच्या अडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानलं. मग हातात खंजिरी घेऊन गावोगाव भजनं म्हणत फिरले आणि १९३५ मध्ये मोझरीला आश्रम उभा केला. १९४२ मध्ये आष्टी-चिमूरची माणसं पेटून उठली, त्यामागे त्यांची भजनंही होती. इंग्रजांनी त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत तीच खंजिरी वाजली. ग्रामसुधारणेसाठी त्यांनी 'ग्रामगीता' लिहिली. ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. त्यांची समाधी गुरुकुंजातच आहे.

ज्या नागपुरात ते कैदी होते, तिथल्याच विद्यापीठाच्या पाटीवर आज त्यांचं नाव आहे. दुसऱ्याच्या गावात जाऊन तिथली माणसं आपली करणं त्यांना जमलं. आपण तर नव्वद मिनिटांचे पाहुणे! जिंका किंवा हरा, पण शिट्टी वाजल्यावर समोरच्याशी हात मिळवूनच गाडीत बसा.