हरिश्चंद्राचा कारखाना

शिवाजी पार्कलगतच्या एका गल्लीत, तळमजल्यावरील दोन खोल्यांत, एक छोटी कार्यशाळा आहे. वास्तुविशारदांना लागणाऱ्या इमारतींच्या प्रतिकृती, जाहिरातपटांसाठी पुरुषभर उंचीच्या बाटल्या, पौराणिक मालिकांसाठी लाकडी तलवारी आणि पुठ्ठ्याचे मुकुट असा माल तेथे तयार होतो. प्रस्तुत लेखकाचा एक माजी विद्यार्थी त्या कार्यशाळेचे हिशेब लिहितो. मध्यंतरी त्याने एक शंका विचारली. लाकूड, रंग, भाडे, वीज, कारागिरांची मजुरी या सर्वांना वहीत खाती आहेत. परंतु मालकाची पत्नी रात्री जेवणे आटोपल्यावर दोन-दोन वाजेपर्यंत बसून मुकुटांना वर्ख लावते, तिचे तास कोणत्या खात्यात मांडायचे? माल वेळेवर पोहोचतो तो त्या तासांमुळेच, असेही त्याने सांगितले.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर ठाऊक असते. घरात काम करणाऱ्या स्त्रीशी मालकाने विवाह केला की तिचे काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने शतकापूर्वीच दाखवून दिली होती. परंतु पिगूचा दाखला देऊन त्या विद्यार्थ्याचे समाधान होण्यासारखे नव्हते. त्याला द्यावयाचे खरे उदाहरण शिवाजी पार्कपासून फार दूर नाही. दादर स्थानक ओलांडून पूर्वेला गेले की जो रस्ता लागतो, त्याला आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. १९१२ साली तो केवळ दादरचा मुख्य रस्ता होता. शिवाजी पार्क तेव्हा अस्तित्वातही नव्हते. ते मैदान महापालिकेने १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले केले आणि १९२७ मध्ये त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. विल्सन महाविद्यालयात अध्यापनाची नोकरी मिळाल्याने कुटुंब मुंबईस आले. मुलाने वेदशास्त्राकडे न वळता १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेची वाट धरली आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच मूर्तिकाम, वास्तुरेखन आणि छायाचित्रण आत्मसात केले. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले, ते कशासाठी? आदर्श रंगमंदिराच्या एका प्रतिकृतीसाठी! भारतीय चित्रपटाच्या जनकाला मिळालेला पहिला मोठा मान हा प्रतिकृतिकाराचा मान होता, ही गोष्ट आपण सहसा लक्षात ठेवीत नाही.

त्यानंतरची वीस वर्षे ही एका अस्वस्थ कारागिराची वर्षे आहेत. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय, तेथेच प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गमावण्याचे दुःख, जादूचे प्रयोग (त्यासाठी त्यांनी आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा हे नाव घेतले होते), पुरातत्त्व खात्यातील नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात तिचा त्याग, लोणावळ्यास आणि मग दादरला छापखाना, रंगीत छपाईचे यंत्र आणण्यासाठी १९०९ मधील जर्मनीचा प्रवास. प्रत्येक ठिकाणी हाताला नवी विद्या लाभली आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी व्यवहार फसला. छापखान्याच्या भागीदारांशी बेबनाव झाला तेव्हा फाळके यांनी तो धंदा सोडून दिला. चाळिशी उलटलेली, पदरी मुले, हाती पैसा नाही, अशा अवस्थेत गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यापुढची कथा मात्र भांडवलाची आहे, आणि ती तितकीशी सांगितली जात नाही.

बारा हजारांची आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी पन्नास पौंडांस घेतला. त्या काळी पौंडाचा भाव पंधरा रुपये होता. म्हणजे कॅमेऱ्याची किंमत साडेसातशे रुपये झाली. ज्या यंत्राशिवाय चित्रपट संभवतच नाही, त्यावर उभ्या केलेल्या रकमेच्या तेराव्या हिश्शापेक्षाही थोडे कमीच खर्च झाले! चित्रपटाचा खरा खर्च यंत्रात नव्हता. तो कच्च्या फिल्मीत होता, माणसांत होता आणि महिनोन्‌महिने त्या माणसांना पोसण्यात होता.

परत आल्यावर दादरच्या मथुरा भवन या बंगल्यात काम सुरू झाले. आवारात काचेची एक लहान खोली आणि घरातच अंधारी खोली, एवढाच स्टुडिओ. धनिकांची खात्री पटावी म्हणून फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि रोज थोडे थोडे चित्रण करून महिन्याभराची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत दाखविली. ती पाहून कर्ज मिळाले. मग एकाच छपराखाली सुतारकाम, पडदे रंगविणे, शस्त्रे व मुकुट घडविणे, वेशभूषा, तालमी आणि फिल्म धुणे सुरू झाले. चित्रपटात काम करतो असे सांगणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. म्हणून फाळके यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते, की कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीस आहोत, असे सांगावे. लोकलज्जेपोटी केलेली ही युक्ती वस्तुस्थितीचे अचूक वर्णन होती. तो कारखानाच होता.

त्या कारखान्यातील सर्वांत कुशल कामगाराला पगार नव्हता. सरस्वतीबाई फाळके साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. दिवसा चित्रण चालू असता प्रकाश परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहत. कच्ची फिल्म त्या काळी कडांना भोके न पाडलेली येई. रात्री अंधारात बसून त्या ती भोके पाडीत, रसायने कालवीत, फिल्म धूत. भोकांतील अंतर चुकले तर फिल्म यंत्रात सरकणार नाही आणि दिवसभराचे श्रम फुकट जाणार, इतक्या जोखमीचे हे काम. पैसा अपुरा पडला तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले. आजच्या भाषेत तंत्रज्ञ, व्यवस्थापक आणि भागधारक अशा तिन्ही भूमिका एका बाईने पार पाडल्या आणि भांडवलाच्या हिशेबात तिची नोंद कोठेही झाली नाही.

शस्त्रे-मुकुटांच्या या कामाने एक विनोदी प्रसंगही ओढवला. बाह्यचित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली. फाळके मागाहून यावयाचे होते. लाकडी तलवारी, ढाली आणि भाले घेतलेला हा जमाव पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचे वाटले आणि सर्वांना अटक झाली. फाळके यांनी येऊन कॅमेरा दाखविला तेव्हा सुटका झाली. कारागिरीला यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र कोणते मिळणार! त्याच मुक्कामातील दुसरी घटना मात्र वाचताना मन कचरते. रोहिदासाचे काम करणारा फाळके यांचा मुलगा भालचंद्र खडकावर पडून बेशुद्ध झाला. प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा असल्याने फाळके यांनी त्याच अवस्थेत चित्रण पुरे केले. याला निष्ठा म्हणणारे म्हणोत. हाताखालच्या माणसांकडून, मग ती घरची का असेनात, किती ओढून घ्यावे याचे भान त्या कारखान्यात सुटत असे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सुमारे सात महिन्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. त्याच कॉरोनेशनमध्ये वर्षभर आधी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ दाखविला गेला होता आणि पहिला मान कोणाचा, हा वाद अधूनमधून उफाळतो. तारखांवरून त्याचा निर्णय करावयाचा तर तो तोरण्यांच्या बाजूने लागेल. परंतु ‘पुंडलिक’चे चित्रण इंग्रज छायाचित्रकाराने केले होते आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली होती. फाळके यांची फिल्म दादरच्या अंधाऱ्या खोलीत धुतली गेली. वस्तू प्रथम कोणी विकली आणि ती येथे प्रथम कोणी घडविली, हे दोन प्रश्न निराळे आहेत.

पुढील भाग थोडक्यात सांगता येईल. १९१३ मध्येच फाळके यांनी कारखाना नाशिकला नेला. १९१७ च्या ‘लंकादहन’ने अमाप पैसा मिळवून दिला. युद्धकाळात भांडवल आटले असता आगकाड्या नाचवणारे लघुपटही त्यांनी केले. यश पाहून भांडवलदार आले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. भागीदारांना अंदाजपत्रक हवे होते. फाळके यांना मनाजोगते दृश्य मिळेपर्यंत खर्च करण्याची मुभा हवी होती. या तंट्यात भागीदारांना खलनायक ठरविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वास्तविक हिशेब मागण्यात त्यांचे काही चुकले नव्हते. फाळके यांच्या कारखान्यात अर्धे श्रम विनामूल्य होते; त्यामुळे चित्रपटाला खरोखर किती खर्च येतो, हे त्यांना स्वतःलाही कधी कळले नव्हते. पगार देऊन तीच कामे करवून घेण्याची वेळ आली तेव्हा खर्च वाढल्यासारखा दिसला. फाळके रागावून काशीला गेले, काही काळाने परतले, पण कंपनी त्यांची राहिली नव्हती. बोलपटाच्या लाटेत त्यांची कला मागे पडली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

हे सारे त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, की सरस्वतीबाईंच्या कामाचा दर त्या वेळच्या बाजारभावाने लावला तर ‘राजा हरिश्चंद्र’ नफ्यात राहिला असता का? आकडे हाती नसल्याने उत्तर देता आले नाही. पुढच्या आठवड्यात त्याने निरोप पाठविला, की वर्खाचे तास त्याने वहीत वेगळ्या रकान्यात, तूर्त पेन्सिलीने, लिहावयास घेतले आहेत. मालकांना अद्याप दाखविलेले नाहीत.