आरोपांच्या पलीकडचे कृपासदन

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की मराठी मनात दोन गोष्टी एकदम उभ्या राहतात. एक त्यांची विद्वत्ता आणि दुसरी त्यांचे धर्मांतर. पहिलीचे कौतुक होते, दुसरीवर वाद होतो. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. संस्कृत ग्रंथ मुखोद्गत असलेल्या या विदुषीला ख्रिस्ती धर्मात असे काय दिसले, की त्यासाठी त्यांनी स्वजनांचा रोष आयुष्यभर पत्करला? त्याचे उत्तर लंडनच्या फुलहॅम भागातील एका आश्रयगृहात सापडते आणि त्याचा विस्तार पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर दिसतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्मठ चित्पावन ब्राह्मण होते. परंतु स्त्रीने संस्कृत शिकू नये हा दंडक त्यांनी मानला नाही. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवले, त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे आपली बाजू मांडली आणि अखेर अरण्यात जाऊन राहिले. लक्ष्मीबाईंनीच पुढे लेकीला संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर कुटुंबाचा निर्वाह चाले.

मद्रास इलाख्यातील १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळाने हे घर उद्ध्वस्त केले. मजुरीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा कोंडीत वडील, आई आणि मोठी बहीण थोड्याच काळात दगावली. उरले रमाबाई आणि बंधू श्रीनिवास. शेकडो कोस पायी भटकत ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीचे ज्ञान पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाच्या बाजूने साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. या भगिनींनी त्यांना फुलहॅम येथील आश्रयगृह दाखवले.

समाज ज्यांना पतित म्हणत असे अशा स्त्रिया तेथे राहत होत्या. त्यांची शुश्रूषा चालली होती, त्यांना काम शिकवले जात होते आणि त्यांच्याशी सन्मानाने वागले जात होते. अशा स्त्रियांना स्मृतिग्रंथांनी सांगितलेल्या भयंकर शिक्षा रमाबाईंना ठाऊक होत्या. त्यांच्याविषयी कोणी कळवळा बाळगल्याचे मात्र त्यांनी तोवर पाहिले नव्हते. हे का करता, असे त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारले. उत्तरादाखल तिने शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. यहुदी लोक ज्यांचा विटाळ मानत अशा समाजातील ही स्त्री भर दुपारी विहिरीवर येते. तिची एकापाठोपाठ एक पाच लग्ने झालेली आहेत आणि आता ती ज्याच्यासोबत राहते तो तिचा पती नाही. हे सारे जाणूनही येशू तिच्याकडे पिण्यास पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माची चर्चा करतो. जातीपातीचे पाणी पाहत वाढलेल्या रमाबाईंना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या मोजक्या लोकांत महात्मा जोतीराव फुले होते. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार'मधून रमाबाईंचा पक्ष मांडला. दुसरीकडे रमाबाई चर्चच्याही सर्वस्वी आज्ञेत राहिल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी भगिनींशी वाद घातला, बिशपांचा अधिकार डोळे मिटून मानला नाही आणि शाकाहार सोडला नाही. त्यांनी जवळ केली ती त्या धर्मातली करुणा.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये गाजले आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास हलले. येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीच पुढे धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

१८९३ मध्ये वादळ उठले. सदनात धर्मप्रसार होतो, असा आरोप झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली त्यात येऊन बसत. सक्ती नव्हती, हे रमाबाईंचे म्हणणे. पण आश्रित मुलीवर आश्रयदात्रीचा प्रभाव पडतोच, ही टीकाकारांची शंकाही रास्त होती. हा पेच रमाबाईंच्या कार्याला अखेरपर्यंत चिकटून राहिला.

या वादाला त्यांचे खरे उत्तर कामातून मिळाले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःची उपासमार न विसरलेल्या रमाबाई तेथे गेल्या. निराधार मुलींना कुमार्गाला लावण्यासाठी दलाल गावोगाव टपलेले त्यांनी पाहिले आणि शेकडो मुली व विधवा सोबत आणल्या. केडगाव येथे घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे स्त्रियांच्या हाती आली. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. मनोरमेने त्यांना ब्रेल लिपी शिकवली.

याच आवारात कृपासदन उभे राहिले. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या, रोगाने पोखरलेल्या आणि कोणत्याही अनाथाश्रमाचे दार ज्यांना उघडत नसे अशा स्त्रियांचे ते घर होते. शारदा सदनाला समाजातील सज्जनांचा निदान काही काळ पाठिंबा लाभला होता, कारण बालविधवा निष्पाप मानली जाई. कृपासदनातील स्त्रीला ती सवलत नव्हती. आधी तिचा दोष ठरवायचा आणि मग दया करायची की नाही हे पाहायचे, ही जगाची रीत होती. रमाबाईंनी आधी तिला घर दिले. फुलहॅम येथे पाहिलेले दृश्य त्यांनी आपल्या भूमीत आणले ते असे.

करुणा म्हणजे मौन नव्हे, हेही त्यांनी दाखवले. १८९७ च्या प्लेगच्या काळात पुण्यातील सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी आबाळ झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून उघडपणे लिहिले आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांची तक्रार सत्तेविरुद्ध असे. संकटात सापडलेल्या बाईविरुद्ध नसे.

बीड जिल्ह्यातील वाचकांना दुष्काळाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीसाठी येथून निघणाऱ्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या ज्या साखरपट्ट्यात जातात, त्यातच दौंड तालुका आणि केडगाव येते. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न याच जिल्ह्यातून राज्यभर गाजला. या बायकांनी असे का केले, हा प्रश्न विचारणे सोपे होते. त्यामागची उचल, कामावर न गेल्यास कापला जाणारा खाडा, फडावरची पाण्याची आणि शौचालयाची वानवा यांकडे पाहायला वेळ लागला. बाईला जाब विचारण्याआधी तिच्यावर काय गुदरले ते पाहावे, हा रमाबाईंच्या आयुष्याचा धडा आहे आणि तो घेण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही.

मुक्ती सदनात आलेल्या बहुसंख्य स्त्रिया पुढे ख्रिस्ती झाल्या. उपाशी माणसाला अन्नाबरोबर धर्म द्यावा का, हा आक्षेप म्हणूनच आजही घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. परंतु त्याच वेळी हेही विचारायला हवे, की त्या मुली रस्त्यावर होत्या तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांची दारे त्यांच्यासाठी उघडी होती. महर्षी कर्वे यांनी मात्र १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढून वेगळ्या मार्गाने हे दार उघडले.

अखेरच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. अल्पशिक्षित बाईलाही ते वाचता यावे, असा त्यांचा ध्यास होता. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. जुलै १९२१ मध्ये ज्या लेकीवर संस्थेची भिस्त होती ती मनोरमा गेली. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांना आणि मुलांना आसरा देते.