कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनली आणि पहिली सुई त्यानं स्वतःलाच टोचून घेतली

फेब्रुवारी 2021. मुंबई-पुण्याच्या आधी अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत जाणाऱ्या कामगारापासून ते कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत चर्चा एकच, लस घ्यायची का? पुढं 20 ऑक्टोबरला राज्यातली कॉलेजं उघडली ती दोन डोस घेतलेल्या पोरांसाठी. म्हणजे पोरांना समजवायचं काम आलं सरांच्या अंगावर. आता सरच अजून विचारात असतील तर?

शिकलेला माणूस लशीला का बिचकतो, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीही होता. तेव्हा त्याला तोंड दिलं वाल्देमार हाफकिन यांनी.

जन्म 15 मार्च 1860, ओडेसा. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं हे बंदर. घर ज्यू. तिथून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले, पण काम मिळालं ग्रंथालयात. दिवसा पुस्तकं सांभाळायची, उरलेल्या वेळात प्रयोग. त्यातूनच कॉलऱ्याची लस तयार झाली. जुलै 1892 मध्ये ती त्यांनी आधी स्वतःला टोचली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमधून फिरून लस देऊ लागले.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारनं हाफकिन यांना बोलावून घेतलं. जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून, तीन शिपाई. एवढ्यावर तीन महिन्यांत लस तयार झाली.

आता लशीत काय असतं ही शंका काही व्हॉट्सअॅपनं जन्माला घातलेली नाही. हाफकिन यांनी जंतू वाढवायला बोकडाच्या मांसाचा रस घेतला, गाय-डुकराचा नाही. वर तुपाचे थेंब सोडले, त्याखाली जंतू चांगले वाढायचे. शेवटी उष्णता देऊन जंतू मारायचे आणि तेच टोचायचे.

10 जानेवारी 1897 ला त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या डोसची. ताप आला, अंग दुखलं, माणूस शाबूत राहिला. मग त्याच कॉलेजातली डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळी पुढं आली. यांना जंतू म्हणजे काय ते ठाऊक होतं, म्हणूनच त्यांना भीतीही नेमकी वाटत असणार. पण लस बनवणारा रोज समोर दिसत होता.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. न टोचलेल्या कैद्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला, 6 दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, दगावला कुणीच नाही.

तरी लोक बिथरलेलेच होते, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं म्हणवत नाही. त्याच सरकारचे सोल्जर पुण्यात घरात घुसून तपासण्या करत होते. रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच वर्षी. 10 मार्चला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या. सुई सरकारची म्हटल्यावर विश्वास कोण ठेवणार? मुंबईत आगाखानांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतलं, तेव्हा खोजा समाजातले हजारो लोक तयार झाले.

प्लेग वऱ्हाडातही पोचला. गजानन महाराजांच्या पोथीतली मुंडगावच्या पुंडलिकाच्या काखेतल्या गाठीची कथा इकडं बहुतेकांनी ऐकलेली असते.

आणि मग घात झाला. 30 ऑक्टोबर 1902, पंजाबातलं मुल्कोवाल. 107 जणांना लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वातानं मेले. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. यावेळी अविश्वास खेड्यातल्या माणसाचा नव्हता, सरकारी तज्ज्ञांचा होता. पुढं उजेडात आलं ते असं की, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच नीट निर्जंतुक न करता वापरला गेला.

हे मान्य व्हायला पाच वर्षं लागली. 1907 मध्ये मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठं हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्यात. मुंबईतली स्वतः उभी केलेली प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधल्या त्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. तोवर ते युरोपात निघून गेले होते. लग्न केलं नव्हतं. 26 ऑक्टोबर 1930 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ते वारले.