पाथरवट ते वास्तुविशारद : आंद्रेआ पल्लाडिओ

इटलीतील विचेंझा शहराबाहेरील एका टेकडीवर 'व्हिला रोतोंदा' ही वास्तू उभी आहे. मधोमध घुमट, चारही बाजूंना सारख्याच पायऱ्या आणि सहा-सहा खांबांच्या देवड्या. सरदार घराण्यांच्या या ग्रामीण वाड्याची नक्कल पुढे अर्ध्या जगाने केली. तो रचणारा आंद्रेआ पल्लाडिओ मात्र कोणत्याही सरदार घराण्यातला नव्हता.

पल्लाडिओचा जन्म ३० नोव्हेंबर १५०८ रोजी पादुआ येथे झाला. वडील गिरणीच्या कामावर पोट भरणारे. तेराव्या वर्षी मुलाला पाथरवटाच्या हाताखाली ठेवण्यात आले. ते करारपत्र मोडून तो विचेंझात आला आणि १५२४ मध्ये तेथील गवंडी-पाथरवटांच्या संघात दाखल झाला. पुढची चौदा-पंधरा वर्षे छिन्नी-हातोड्यातच गेली. तो तिथेच राहिला असता तर त्याचे नाव आज कोणाला ठाऊकही नसते.

त्याचे भाग्य पालटले ते जानजोर्जो त्रिस्सिनो या विद्वान सरदारामुळे. क्रिकोली येथील त्रिस्सिनोच्या वाड्याच्या नूतनीकरणाच्या वेळी या कारागिराची बुद्धी त्याच्या नजरेत भरली. त्याने त्याला प्राचीन रोमन वास्तुशास्त्राची ओळख करून दिली, १५४१ मध्ये रोमला नेले आणि 'पल्लाडिओ' हे नावही दिले. रोममधील भग्नावशेषांची मापे घेत पाथरवटाचा वास्तुविशारद झाला.

काळही त्याला अनुकूल होता. पोर्तुगीजांनी १४९८ मध्ये भारताचा सागरी मार्ग शोधल्यानंतर मसाल्याच्या व्यापारावरील व्हेनिसची मक्तेदारी डळमळू लागली होती. तेथील धनिकांनी आपला पैसा हळूहळू जमिनीत गुंतविण्यास सुरुवात केली. दलदली उपसून शेते तयार झाली आणि शेतावर देखरेख ठेवण्यासाठी मालकाला राहण्याजोगे घर हवे झाले. पल्लाडिओने हे घर आणि शेतीचा पसारा एकाच आराखड्यात बसविला. मधे मालकाचा वाडा, दोन्ही अंगांना गोठे, अवजारे आणि कोठारे यांच्या ओवऱ्या. दर्शनी भाग मात्र देवळासारखा. दुरून संगमरवरी वाटणारे हे खांब बहुतांशी विटांचे व वरून गिलावा केलेले असत. कमी खर्चात भव्यता, हे त्याच्या यशाचे इंगित होते. मासेर येथील बार्बारो बंधूंचा व्हिला हा याचा उत्तम नमुना. त्याच्या भिंती व्हेरोनेसेच्या चित्रांनी सजल्या.

'रोतोंदा' याला अपवाद ठरली. पोपच्या दरबारातून निवृत्त झालेल्या पाओलो अल्मेरिको या धर्माधिकाऱ्यासाठी १५६६ च्या सुमारास हे काम सुरू झाले. येथे शेतीचा संबंध नव्हता. चारही दिशांचा देखावा दिसावा, एवढाच हेतू होता.

१५७० मध्ये त्याचा 'वास्तुकलेचे चार ग्रंथ' हा सचित्र ग्रंथ व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाला. कीर्ती शिखरावर असतानाच १५७२ मध्ये त्याचे दोन तरुण मुलगे, लिओनिदा आणि ओराझिओ, पाठोपाठ गेले. या आघातानंतरही त्याने काम थांबविले नाही. प्लेगच्या साथीनंतर १५७७ मध्ये व्हेनिसमधील रेदेन्तोरे चर्चची पायाभरणी झाली, ती त्याच्याच आराखड्यानुसार.

ऑगस्ट १५८० मध्ये पल्लाडिओचे निधन झाले, तेव्हा 'रोतोंदा' अपूर्णच होती. विन्चेन्झो स्कामोझ्झीने घुमटाच्या रचनेत बदल करून काम पुढे नेले. अल्मेरिकोच्या मृत्यूनंतर १५९१ मध्ये वास्तू काप्रा घराण्याकडे आणि १९१२ मध्ये वाल्माराना घराण्याकडे गेली.

पल्लाडिओच्या ग्रंथाने मात्र सीमा ओलांडल्या. इंग्लंडमधील उमरावांचे वाडे, थॉमस जेफरसनचे मॉन्टिचेलो हे निवासस्थान, सारे त्याच परंपरेतले. १९९४ मध्ये युनेस्कोने विचेंझा शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. १९९६ मध्ये वेनेतो प्रांतातील त्याच्या इतर व्हिलांचाही त्यात समावेश झाला. विचेंझात 'पल्लाडिओचे घर' म्हणून दाखविली जाणारी वास्तू प्रत्यक्षात कोगोल्लो नावाच्या एका नोटरीची होती. सरदारांसाठी वाडे बांधणाऱ्या या माणसाच्या नावे त्याच्या शहरात उरले ते दुसऱ्याचे घर.