श्रीपाद अमृत डांगे : परदेशी विचार आणि मुंबईचा संप

श्रीपाद अमृत डांगे यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९९ रोजी नाशिक जिल्ह्यातील करंजगाव येथे झाला. असहकार चळवळीतून ते राजकारणात आले. १९२१ मध्ये त्यांनी गांधी आणि लेनिन यांच्या मार्गांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. १९२४ मध्ये कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

ब्रिटनमधील जुन्या कामगार संघटना व्यवसायनिहाय उभ्या राहिल्या. वर्गणीचा निधी आणि वाटाघाटी हे त्यांचे बळ होते. रशियातील बोल्शेविकांनी संपाची सांगड राज्यसत्तेच्या प्रश्नाशी घातली. या दोन्ही परंपरांचा डांगे यांना परिचय होता. मुंबईतील परिस्थिती मात्र निराळी होती. वऱ्हाडासारख्या प्रदेशांतील कापसावर चालणाऱ्या तेथील गिरण्यांत मुकादमाचा वचक असे, आणि कामगाराची नाळ गावाशी जुळलेली असे. १९२८ मध्ये कमी माणसांकडून अधिक यंत्रे चालवून घेण्याच्या धोरणाविरुद्ध सुमारे दीड लाख कामगारांनी सहा महिने संप केला. निधी तुटपुंजा असताना अनेकांना गावाकडच्या घराने तारले. याच लढ्यात डांगे व त्यांच्या सहकाऱ्यांची लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात डांगे यांना अटक झाली. स्प्रॅट, ब्रॅडली व हचिन्सन हे इंग्रज कार्यकर्ते सहआरोपी होते. दोन देशांतील चळवळी येथे एकाच पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

परंतु एका प्रश्नाचे उत्तर परदेशी ग्रंथांत नव्हते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात मज्जाव होता. १९२८ च्या संपातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. वर्गाची एकजूट जातीपाशी अडखळते, हे त्यातून उघड झाले. पुढे संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या संपात आंबेडकर आणि डांगे एकत्र आले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही डांगे अग्रभागी होते. १९८१ मध्ये पक्षाने त्यांना काढून टाकले. २२ मे १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. विचार परदेशातून येऊ शकतो, परंतु लढा स्थानिक श्रमजीवनातूनच आकार घेतो, असा निष्कर्ष या चरित्रातून काढता येतो.

स्वयं-अध्ययन : १९२८ च्या संपातील कोणत्या बाबी युरोपीय परंपरेहून वेगळ्या होत्या, ते सकारण लिहा.